शेजारच्या खुर्चीतला खोकला

बसा, बसा. सुरू करण्याआधी एक विनंती. डावीकडच्या त्या दोन खिडक्या उघडता येतील का? एसी चालू आहे, दिसतंय मला. तरीही उघडा. कारण पुढे येईलच.

मला बोलावताना फोनवर जे सांगितलं गेलं ते असं: "डॉक्टर, आमच्या मजल्यावर दहा दिवसांत अकरा जण फ्लूने झोपलेत. जे उरलेत ते आजारी नाहीत, पण त्यांचं कामात लक्षही नाही. सगळे एकमेकांकडे संशयाने बघतात. जरा येऊन धीर द्या." मी गेली पंचवीस वर्षं निरनिराळ्या ऑफिसांमध्ये आरोग्याचं काम बघतोय, त्यामुळे हा फोन मला दर साथीत येतो. धीर द्यायला माझी ना नाही. पण तुमची भीती घालवायला मी आलेलो नाही. ती असू द्या. माझी तक्रार एवढीच आहे की ती भलतीकडे बघते. चोर सोडून संन्याशाला फाशी, तसं चाललंय.

ही भीती कशी वाढते ते बघा. शेजारच्या खुर्चीतून एक खोकला येतो. साधा, कोरडा. आपण मान वळवत नाही, पण कान तिकडेच असतात. दुसऱ्या दिवशी ती खुर्ची रिकामी. मग हिशोब सुरू होतो. त्याच्याशी शेवटचं कधी बोललो? त्याने माझं पेन घेतलं होतं का? परवा लिफ्टमध्ये तो माझ्या पुढे होता की मागे? रात्री अंथरुणावर पडल्यावर घसा जरासा खवखवतोय असं वाटतं. खात्री करायला आपण गिळून बघतो. एकदा, दोनदा, दहादा. आणि दहा वेळा नुसतं गिळलं की कुणाचाही घसा दुखतो! झालं, मनात पाल चुकचुकते ती रात्रभर.

आता विषाणूचं वेळापत्रक बघू. तो शरीरात शिरल्यापासून त्रास सुरू होईपर्यंत एक ते चार दिवस जातात, बहुधा दोन. आणि गंमत अशी, गंमत कसली, खोडी म्हणा, की त्रास सुरू होण्याच्या साधारण एक दिवस आधीपासूनच तो माणूस दुसऱ्याला लागण करू शकतो. म्हणजे बुधवारी सकाळी ज्याला कणकण आली, तो मंगळवारी तुमच्याशी ठणठणीत असल्यासारखा बोलत होता आणि तेव्हाच विषाणू वाटायला लागला होता. पहिल्या तीन-चार दिवसांत हे वाटप सगळ्यात जोरात असतं, पुढे पाच ते सात दिवसांपर्यंत ओसरत जातं. पण दोन आठवड्यांपूर्वी फ्लू झालेला आणि अजून खोकणारा एखादा असतो. फ्लूनंतरचा खोकला असा रेंगाळतो. त्याच्यापासून आता फारसं भय नसतं, पण सगळं ऑफिस त्याच्यापासूनच चार हात लांब बसतं. तो संन्यासी. खरा चोर कालच तुमच्याशी हसत बोलून गेला.

यात अजून एक भर. इंग्लंडमध्ये 'फ्लूवॉच' नावाचा एक मोठा अभ्यास झाला, 2014 साली त्याचे निष्कर्ष छापून आले. ज्यांना फ्लूची लागण झाली होती त्यांच्यातल्या सुमारे तीन चतुर्थांश लोकांना एकतर काही त्रासच झाला नव्हता किंवा झाला तो दखल घेण्याजोगा नव्हता. म्हणजे या खोलीतल्या काही जणांना तो येऊन गेलाही असेल, आणि ते अजून तो येईल म्हणून घाबरताहेत.

मग साथ रोखायची कशी, चोर दिसतच नसेल तर? तर त्याच्या वाटा बघायच्या.

लोकांच्या डोक्यात पहिली वाट असते ती वस्तूंची. दाराची कडी, लिफ्टचं बटण, कीबोर्ड. साथ आली की टेबलं पुसण्याची जी लाट येते ती मी बघितलीये. एका ऑफिसात तर स्टेपलर सॅनिटायझरमध्ये बुडवून ठेवला होता. वस्तूंची भीती खोटी नाही. 1982 साली प्रयोग करून बघितलं तेव्हा हा विषाणू स्टील-प्लास्टिकसारख्या गुळगुळीत पृष्ठभागावर 24 ते 48 तास टिकला, कापडावर आणि कागदावर 8 ते 12 तासांच्या आतच संपला. पण तिथून हातावर आला की पाचेक मिनिटांतच त्याचं प्रमाण झपाट्याने घसरलं. तेवढ्या वेळात हात नाकातोंडापर्यंत गेला पाहिजे. आणि जातो! 2015 मध्ये सिडनीत वैद्यकीय विद्यार्थ्यांचं चित्रीकरण करून मोजलं, तर एका तासात सरासरी 23 वेळा त्यांचा हात चेहऱ्याकडे गेला. ज्यांना हे सगळं शिकवलं जातं त्या मुलांची ही गत. मी हे सांगितल्यापासून या खोलीत सात जणांनी नाकाला हात लावलाय, त्यात मीही एक. तेव्हा हात धुवा, जरूर धुवा. स्टेपलरला मात्र सुखाने जगू द्या.

दुसरी वाट हवेची, आणि ती मोठी. याची एक नेमकी घटना आहे, ती मी प्रत्येक ऑफिसात सांगतो. 1977 सालची, अलास्कातली. एका विमानात 54 जण होते. उड्डाणाच्या वेळी इंजिनात बिघाड झाला आणि विमान जमिनीवरच तीनेक तास अडकलं. बहुतेक प्रवासी आतच बसून राहिले. त्यांच्यातल्या एका प्रवाशाला फ्लू होता. एकाच! पुढच्या 72 तासांत 72 टक्के प्रवासी आजारी पडले. तपास करणाऱ्यांना दोन गोष्टी दिसल्या. जो जितका जास्त वेळ आत बसला, त्याला लागण होण्याची शक्यता तितकी जास्त. आणि दुसरी: त्या थांबलेल्या वेळात विमानातली हवा खेळती ठेवणारी यंत्रणा बंद होती.

आता या खोलीकडे बघा. खिडक्या का उघडायला सांगितल्या ते कळलं ना? एसी खोली गार करतो. बाहेरची हवा आत आणतोच असं नाही. पुष्कळ ठिकाणी तो तीच ती हवा गार करून परत आपल्या तोंडावर सोडत असतो. तुमच्याकडची यंत्रणा कशी आहे, बाहेरची हवा किती घेते, हे इमारतीची देखभाल बघणाऱ्यांना विचारा. हा प्रश्न आजवर कुणी विचारलेला नसेल, पैज लावतो. टेबलं पुसायला माणूस लगेच मिळतो, हवेबद्दल मात्र कुणी बोलत नाही, कारण पुसलेलं टेबल दिसतं.

एरवी हा रोग वाटतो तितका चपळ नाही. हंगामी फ्लूचा एक रुग्ण सरासरी एकाहून थोड्याच जास्त जणांना लागण करतो. वेगवेगळ्या अभ्यासांचा मध्य 1.3 च्या आसपास येतो. ज्या समाजात कुणालाच प्रतिकारशक्ती नाही तिथे गोवराचा हाच आकडा 12 ते 18 धरतात. तेव्हा शेजारी शिंकला म्हणजे आपला नंबर लागलाच, असं मुळीच नाही. बंद खोली, लांबलेली मीटिंग, खेटून बसलेली माणसं जमून आली की ही सरासरी कोलमडते. दोन तासांची मीटिंग वीस मिनिटांत उरकणं हा फ्लूवरचा उपाय आहे असं मी म्हणतो तेव्हा लोकांना विनोद वाटतो. अलास्काचं विमान आठवा.

थोडं विषयांतर करतो, मला ही गोष्ट फार आवडते. माणसाच्या फ्लूचा विषाणू पहिल्यांदा वेगळा काढला गेला तो 1933 साली, लंडनमध्ये. त्याआधी 1918 च्या साथीत कोट्यवधी माणसं गेली तेव्हा आपण कशाशी लढतोय हे डॉक्टरांना माहीतच नव्हतं. पुष्कळांचा संशय एका जिवाणूवर होता. लंडनच्या शास्त्रज्ञांनी हा रोग फेरेट नावाच्या, मुंगसासारख्या दिसणाऱ्या प्राण्याला देऊन दाखवला. पुढे 1936 साली तिथल्याच स्टुअर्ट-हॅरिस नावाच्या संशोधकाच्या तोंडावर असं एक आजारी फेरेट सणसणीत शिंकलं. सुमारे दोन दिवसांनी गृहस्थ तापाने आडवे! त्यांच्याकडून पुन्हा तोच विषाणू मिळाला. सहकाऱ्याकडून ऑफिसात फ्लू लागल्याची इतकी चोख नोंद दुसरी सापडायची नाही.

बरं, तिसरी गोष्ट तुमच्या रात्रीची. पिट्सबर्गला शेल्डन कोहेन नावाच्या मानसशास्त्रज्ञाच्या गटाने 153 निरोगी माणसांची झोप दोन आठवडे नोंदवली, मग त्यांच्या नाकात सर्दीच्या विषाणूचे थेंब सोडले. 2009 साली निष्कर्ष आला: सात तासांपेक्षा कमी झोपणाऱ्यांना सर्दी होण्याची शक्यता आठ तास किंवा अधिक झोपणाऱ्यांच्या जवळजवळ तिप्पट. हा सर्दीचा विषाणू होता, फ्लूचा नव्हे, हे लक्षात ठेवा. पण रात्री दोन वाजता थर्मामीटर तोंडात धरून आजाराची माहिती शोधत बसणाऱ्यांनी यावर जरा विचार करावा.

आता जे बोलायचंय ते पुढच्या रांगेत बसलेल्या साहेबांसाठी, आणि थोडं माझ्यासाठीही. आपल्याकडे एक शब्द आहे, 'अंगावर काढणं'. दुखणं अंगावर काढलं हे आपण कौतुकाने सांगतो. मीही काढलंय. बऱ्याच वर्षांपूर्वी एका ऑफिसात व्याख्यान ठरलं होतं, विषय होता हातांची स्वच्छता. सकाळी अंग मोडून आलं होतं. मी पॅरासिटामॉलची गोळी घेतली, ताप उतरला, आणि गेलो. तासभर बोललो, बंद खोलीत. त्या आठवड्यात पहिल्या रांगेतले चार जण आजारी पडले. ते माझ्याकडूनच झालं असं सिद्ध करता येणार नाही, पण मला शंका नाही. गोळीने ताप उतरतो, विषाणू जात नाही. उलट माणूस चालता-फिरता राहतो. आणि मी त्यांना सांगत होतो की हात धुवा. बिचाऱ्यांनी इमानेइतबारे धुतलेही असतील.

तेव्हा नियम साधा ठेवा: तापाची गोळी न घेता 24 तास ताप नाही, तरच ऑफिस. पण हा नियम नुसता भिंतीवर लावून चालत नाही. सुट्टी घेतली की पगार कापला जाणार असेल, किंवा परत आल्यावर टोमणा ऐकावा लागणार असेल, तर माणूस गोळी घेऊनच येणार. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये संगणकावर एक नमुना चालवून बघितला. फ्लू झालेल्यांना खास फ्लूसाठी एक पगारी दिवस घरी राहता आलं, तर कामाच्या जागी होणारी लागण सुमारे 25 टक्क्यांनी घटते; दोन दिवस दिले तर सुमारे 39 टक्क्यांनी. संगणकाचा अंदाज आहे, मान्य. पण साहेब, स्टेपलर बुडवण्यापेक्षा बरा नाही का? आणि तुम्ही स्वतः शिंकत मीटिंग घेतलीत, तर खालच्या माणसाने घरी राहायचं धाडस कसं करायचं?

लशीबद्दल थोडक्यात सांगतो. विषाणू रूप बदलत राहतो म्हणून ती दर वर्षी घ्यावी लागते. घेतल्यावर संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात. साथीच्या विषाणूशी लस नीट जुळली तर डॉक्टरकडे जावं लागेल इतक्या आजाराची शक्यता 40 ते 60 टक्क्यांनी कमी होते. "म्हणजे अर्धीच ना?" असं लोक तोंड वाकडं करून विचारतात. अर्धी कमी होते म्हणजे पुष्कळ कमी होते! शिवाय लस घेऊनही फ्लू झालाच तर तो बहुधा सौम्य जातो.

मघाशी एका बाईंनी चिठ्ठी पाठवली होती, ती वाचतो. "मला माझी भीती नाही. घरी वडील आहेत, वय 78, दम्याचा त्रास आहे. मी ऑफिसातून घरी नेला तर?"

हा आजच्या दिवसातला सगळ्यात शहाणा प्रश्न. पासष्टीच्या पुढची माणसं, गरोदर स्त्रिया, लहान मुलं, दमा, मधुमेह किंवा हृदयविकार असलेले, यांनाच फ्लू खरा छळतो. ताई, वडिलांना लस दिली नसेल तर त्यांच्या डॉक्टरांना या आठवड्यात विचारा, आणि तुम्हीही घ्या. तुम्हाला कणकण आली तर त्याच क्षणी वेगळ्या खोलीत झोपा, नाही जमलं तर तोंडाला मास्क आणि खिडकी उघडी. वडिलांना ताप आला तर "बघू उद्या" म्हणू नका. ओसेल्टामिविरसारखी फ्लूवरची औषधं पहिल्या 48 तासांत सुरू केली तर जास्त उपयोगी पडतात. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही, ते स्वतःहून देऊ नका. आणि धाप लागली, छातीत दुखलं, बोलणं असंबद्ध झालं, किंवा ताप उतरून पुन्हा चढला आणि खोकला वाढला, तर दवाखान्याची वाट न बघता थेट रुग्णालयात. त्यांच्या डॉक्टरांचा फोन नंबर आजच लिहून ठेवा, औषधांच्या डब्यावरच चिकटवा.

अजून कुणाला काही विचारायचंय? मागच्या रांगेतले ते गृहस्थ, पांढरा शर्ट. तुम्ही मघापासून अंग चोरून बसलायत, डोळेही लाल दिसताहेत. प्रश्न नंतर फोनवर विचारा. साहेब, यांना घरी सोडा.