नेपरव्हिल: वर्गणीतून घडलेलं गाव

नमस्कार मंडळी,

आपल्यापैकी बहुतेकांनी शिकागोजवळचं हे नेपरव्हिल निवडलं ते इथल्या शाळा बघून, आणि शिकागोची नोकरी ट्रेनने गाठता येते म्हणून. त्यात गैर काहीच नाही. पण त्यामुळे आपल्याला वाटतं, की हे गाव आयतंच असं मिळालं. ते तसं नाही, आणि आज मला तेच सांगायचंय.

१८३१ मध्ये जोसेफ नेपर डुपेज नदीकाठी येऊन वसला. १९६० पर्यंत इथे जेमतेम १३ हजार माणसं होती, २०२० च्या जनगणनेत आकडा दीड लाखाला टेकला. टोलवे, म्हणजे टोल भरून जायचा महामार्ग, १९५८ मध्येच झाला होता. मधल्या काळात टेलिफोन तंत्रज्ञानावर संशोधन करणारी बेल लॅब्ज आली, अमोको या तेल कंपनीचं संशोधन केंद्र आलं. पैसा आला तो असा.

गावपण मात्र त्याच्या आधीचं. १९३१ मध्ये गावाची शताब्दी आली, तेव्हा मंदीचे दिवस होते. तरी लोकांनी वर्गणी काढून दगडाच्या जुन्या खाणींची जागा घेतली. आपली मुलं उन्हाळ्यात डुंबतात तो सेंटेनियल बीच म्हणजे हीच खाण. दीडशे वर्षं झाली तेव्हा, १९८१ मध्ये, नदीकाठचा फिरण्याचा रस्ता, म्हणजे रिव्हरवॉक, झाला. त्यासाठी सामान्य नागरिकांनी देणग्या दिल्या आणि स्वतः राबले.

आणखी एक गोष्ट सांगतो. २५ एप्रिल १९४६ ला भर दुपारी, इथे थांबलेल्या रेल्वेगाडीवर मागून दुसरी रेल्वेगाडी आदळली. ४५ माणसं गेली. रुळांलगतच क्रोलर कंपनीचा फर्निचरचा कारखाना होता. तिथले कामगार हातातलं काम टाकून धावले, डब्यांतून जखमींना बाहेर काढलं. नॉर्थ सेंट्रल कॉलेजची मुलंही मदतीला आली. स्टेशनजवळ त्या दिवसाच्या आठवणीसाठी रुळांच्या खिळ्यांचं शिल्प उभारलंय. लांबून नुसत्या माणसांच्या आकृत्या दिसतात, जवळ गेलात की एकेक खिळा वेगळा ओळखू येतो. रोज तिथून गाडी पकडता ना? एकदा दोन मिनिटं थांबून नक्की बघा, मुलांनाही दाखवा.

आता आपली पाळी आहे, असं मला मनापासून वाटतं. आपण गणपती दणक्यात करतो, दिवाळी करतो, आणि ते करायलाच हवं. पण शहराच्या सल्लागार समित्यांवर नागरिक विनामोबदला काम करतात, तिथे आपली माणसं अजून हवीत. ज्यांना अर्ज करायचाय, त्यांनी जेवणाच्या वेळी मला भेटा. फॉर्म भरायला मी मदत करेन.