बाउलमधला खून : राउल व्हिटफील्डची विसरलेली कादंबरी

हॉलिवूडचा खाजगी गुप्तहेर म्हटलं की आपल्याला रेमंड चँडलरचा फिलिप मार्लो आठवतो. मार्लो आला १९३९ साली. त्याच्या नऊ वर्षं आधी बेन जार्डिन हॉलिवूडमध्ये कचेरी थाटून बसला होता. त्याची ही कादंबरी, अमेरिकी लेखक राउल व्हिटफील्डची ‘डेथ इन अ बाउल’, सप्टेंबर ते नोव्हेंबर १९३० अशी तीन अंकांत ‘ब्लॅक मास्क’ या गुन्हेगारी कथांच्या मासिकात आली आणि १९३१ मध्ये नॉफ या प्रकाशनसंस्थेनं तिचं पुस्तक काढलं. आज व्हिटफील्डचं नाव दर्दी वाचकांपलीकडे फारसं कुणाला ठाऊक नाही.

आधी खून पाहू, कारण पुस्तकाची खरी करामत तिथेच आहे. हॉलिवूड बाउल हे डोंगराच्या कुशीतलं खुलं नाट्यगृह. हजारो श्रोते, मंचावर वाद्यवृंद, त्यापुढे संचालक हान्स रायनर. मैफल ऐन रंगात असताना तीन इंजिनांचं विमान अगदी कमी उंचीवरून घरघरत जातं, दिवे जातात, आणि रायनर गोळ्या लागून पडतो. गोळी कुठून आली हे माणूस दोन गोष्टींवरून ताडतो : ठिणगी दिसते आणि आवाजाची दिशा कळते. इथे विमानाच्या गोंगाटात कानाला दिशा लागत नाही, आणि कुठे पाहायचं हेच न कळल्यानं अंधारात डोळे नुसते भिरभिरतात. बंद खोलीतल्या खुनाचं कोडं लेखकानं उघड्या आभाळाखाली, भर गर्दीत मांडलंय. व्हिटफील्ड पहिल्या महायुद्धात वैमानिक होता आणि मुलांसाठी विमानांच्या गोष्टीही लिहायचा. तीन इंजिनं डोक्यावरून गेली की खाली काय होतं, हे त्याला कुणी सांगायची गरज नव्हती.

दुसरी गोष्ट म्हणजे संशय. खून झालेल्याचा भाऊ एर्न्स्ट रायनर चित्रपट-दिग्दर्शक, त्याचं पटकथालेखकाशी वितुष्ट, आणि दोघांचेही धागे जार्डिनच्याच कचेरीत येऊन मिळतात. अशील खोटं बोलणारच, हे या जातीच्या कथेत गृहीतच असतं. जार्डिनला मात्र हाताखालच्या मॅक्स कोनचा आणि कॅरल टॉर्नीचाही भरवसा नाही. एरवी गुप्तहेराची कचेरी ही वाचकाची विसाव्याची जागा. इथे तीही काढून घेतली आहे.

आता दोष. जार्डिनच्या मनात काय चाललंय ते लेखक सहसा सांगत नाही. तो काय बोलतो, काय करतो, तेवढंच. खोटं बोलणारी माणसं वाढली की ही पद्धत अडचणीची ठरते. कुणाचं खरं मानावं याला वाचकाकडे काही आधारच उरत नाही आणि मध्यावर गुंता होतो. शिवाय ‘क्रमशः’चा जाच. महिनाभरानं परतणाऱ्या वाचकासाठी मागचं पुन्हा सांगावं लागतं, मग पात्रंच एकमेकांना प्रकरणाची उजळणी करून देतात. मासिकात ते खपतं, पुस्तकात दमवतं. म्हणून एका बैठकीत वाचू नका. तीन दिवस घ्या आणि पहिल्याच पानापासून नावं कागदावर टिपत जा.

विसर का पडला? थोडी वेळ वाईट. डॅशिएल हॅमेटच्या गाजलेल्या गुप्तहेर-कादंबरीचा, ‘माल्टीज फाल्कन’चा, शेवटचा भाग जानेवारी १९३० मध्ये त्याच मासिकात आला होता आणि पुस्तकही नॉफनंच काढलं. त्या सावलीत कुणीही झाकोळलंच असतं. थोडं व्हिटफील्डचं स्वतःचं : १९३४ नंतर लेखणी जवळपास थांबली, आणि १९४५ मध्ये क्षयानं तो गेला. सिनेमानं त्याच्या कथा उचलल्या, विल्यम पॉवेलचा १९३३ चा ‘प्रायव्हेट डिटेक्टिव्ह ६२’ त्यातलाच. पण या कादंबरीची पाटी कोरीच राहिली.

माझं मत विचाराल तर त्याचं सर्वात नितळ लेखन इथे नाहीच. ते आहे मनिलाचा फिलिपिनो गुप्तहेर हो गार याच्या कथांत. व्हिटफील्डनं तरुणपणी फिलिपिन्स पाहिलं होतं. तिथला दमट उकाडा आणि गारचं संथ चालणं वाचून पाहा. मासिकाच्या जुन्या अंकांत त्या कथा शोधताना मात्र लेखकाच्या जागी व्हिटफील्ड शोधू नका. ‘ब्लॅक मास्क’मध्ये त्या छापल्या गेल्या रामोन डेकोल्टा या नावानं.