शेजाऱ्याला दिलेली चकती

काँगोच्या जंगलात उजाडलं की आधी शिट्ट्या ऐकू येतात, मग थवा दिसतो. हे ‘आफ्रिकन ग्रे’ पोपट: राखाडी अंग, लालभडक शेपूट, वजन साधारण ४०० ग्रॅम. रात्री शेकड्यांनी एकत्र वस्तीला आलेले हे पोपट आता लहान लहान टोळ्या करून तेलताडाची फळं शोधायला पांगतात.

यांची बुद्धी जगाला कळली ती ॲलेक्स नावाच्या पोपटामुळे. अमेरिकन संशोधक आयरीन पेपरबर्ग यांनी १९७७ साली शिकागोतल्या एका दुकानातून त्याला विकत घेतलं. दोन वस्तू समोर धरून ‘वेगळं काय?’ विचारलं की तो ‘रंग’ किंवा ‘आकार’ असं नेमकं सांगायचा. फरकच नसेल तर म्हणायचा, ‘नन’. काहीच नाही! याला नुसतं पाठांतर कसं म्हणायचं?

आम्हाला त्याहून भावला तो स्पेनच्या तेनेरिफे बेटावरचा प्रयोग, २०२० साली प्रसिद्ध झालेला. शेजारी शेजारी दोन कप्पे, मधल्या भिंतीला एक भोक. धातूची चकती कप्प्याच्या खिडकीतून संशोधकाच्या हातात दिली की अक्रोड मिळतो, हे दोन्ही पोपटांना ठाऊक. पण ज्याच्याकडे चकत्या आहेत, त्याची खिडकी बंद. शेजाऱ्याची उघडी, तर त्याच्याकडे चकती नाही. पहिला पोपट चोचीत चकती उचलतो आणि भोकातून पलीकडे देतो. शेजारी ती देऊन अक्रोड खातो. देणाऱ्याच्या वाट्याला काही नाही. तरीही आठांपैकी सात पोपटांनी पहिल्याच फेरीत चकती दिली. शेजाऱ्याचीही खिडकी बंद असली, की मात्र क्वचितच देत. समोरच्याची गरज त्यांना कळत असावी, असंच वाटतं.

सोबतीची हीच ओढ त्यांच्या जिवावर उठली. पकडणारे एक पोपट झाडावर बांधून ठेवतात आणि फांद्यांना चीक फासतात. त्याच्या हाका ऐकून थवा खाली उतरतो आणि अडकतो. त्यात जंगलतोडीची भर. घानात १९९२ पासून ९० टक्क्यांहून जास्त पोपट नाहीसे झाले. २०१६ साली जोहान्सबर्गला साइट्सच्या, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय कराराच्या, परिषदेत या जंगली पोपटांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदी आली, तरी चोरटी विक्री थांबलेली नाही.

मुंबई-पुण्यातल्या घरांतही ‘आफ्रिकन ग्रे’ दिसतो. एकटा पडला की कित्येकदा तो स्वतःचीच पिसं उपटतो, छाती उघडी पडेपर्यंत. भारतात आता त्याची नोंदणी सक्तीची आहे. विकणाऱ्याकडे कागद नसतील, तर घेऊ नका. आणि घरात आधीच असेल, तर त्याला दिवसभर एकटं ठेवू नका.