तेव्हा तुमचं वय काय होतं?

मंडळी, लहानपणी अनुभवलेल्या ऐतिहासिक घटनांच्या आठवणी मुलाखतींतून कशा गोळा करायच्या आणि तपासायच्या, याबद्दल बोलू. एका उदाहरणापासून सुरुवात करू. ‘माणूस चंद्रावर उतरला तेव्हा आम्ही सगळे अंगणात उभे राहून चंद्राकडे बघत होतो. मी पाच वर्षांचा होतो.’ भारतात वाढलेल्या कुणी मुलाखतीत असं सांगितलं, तर तुम्ही काय लिहाल?

आर्मस्ट्राँगचं पाऊल चंद्रावर पडलं ते भारतीय वेळेनुसार २१ जुलै १९६९ला, सोमवारी सकाळी ८ वाजून २६ मिनिटांनी. त्या दिवशीचा चंद्र शुक्ल पक्षातला, अर्धा भरत आलेला होता. असा चंद्र दुपारच्या सुमारास उगवतो, म्हणजे सकाळी साडेआठला तो क्षितिजाखालीच होता. उतावळा मुलाखतकार इथेच फुली मारून मोकळा होतो. पण जरा थांबा. यान चंद्रावरून परत निघालं ते आपल्याकडच्या त्याच रात्री ११ वाजून २४ मिनिटांनी. म्हणजे सोमवारी संध्याकाळी आपल्या आकाशात चंद्र होता आणि त्याच्यावर दोन माणसंही होती. ती चालत नव्हती, यानात बसून परतीच्या तयारीत होती, इतकंच. आठवण शक्य कोटीतली आहे. ‘गोल गरगरीत चंद्र होता’ एवढं मात्र चूक. जुलै महिन्यात ढगांचा प्रश्न उरतोच, त्यासाठी त्या ठिकाणची पावसाची नोंद बघावी लागेल.

सगळं काम या एका उदाहरणात आलं. सर्वसाधारण पहिली आठवण, म्हणजे पायऱ्यांवरून पडलो किंवा आजीच्या मांडीवर बसलो होतो, ही तारखेला बांधता येत नाही. ऐतिहासिक घटनेच्या आठवणीला तारखेची पक्की खुंटी असते. फक्त त्या खुंटीवर टांगलेला सदरा तिथलाच आहे का, हे तपासावं लागतं. आठवणींच्या बहुतेक संग्रहांत ही तपासणी होत नाही. सांगणाऱ्याचा आवाज दाटून आला की सगळे गप्प होतात.

आधी वयाची मर्यादा बघू. मोठ्या माणसांना विचारलं तर सर्वांत जुनी आठवण सरासरी तीन ते साडेतीन वर्षांच्या वयातली निघते. कॅरोलिन माइल्स यांनी १८९०च्या दशकात अशी पहिली पाहणी प्रसिद्ध केली तेव्हा आकडा तीनच्या जवळपास होता, आणि तो आजही फारसा हललेला नाही. त्यामागच्या काळावर जो पडदा असतो त्याला शैशवविस्मृती म्हणतात. घरात भावंडाचा जन्म झाला किंवा स्वतःला रुग्णालयात राहावं लागलं, तर दोन वर्षांच्या वयातलंही काहींना आठवतं, असं अशर आणि नायसर या मानसशास्त्रज्ञांनी १९९३मध्ये दाखवलं. पण या घटना मुलाच्या अंगावर घडतात. सार्वजनिक घटना तशी घडत नाही. ती मुलापर्यंत मोठ्यांच्या चेहऱ्यांतून, बिघडलेल्या दिनक्रमातून येते. त्यामुळे तिची मर्यादा सहसा आणखी वर सरकते. अमेरिकेचे अध्यक्ष केनेडी यांच्या १९६३मधल्या हत्येच्या वेळी एक ते सात वर्षांच्या असलेल्यांची पाहणी विनोग्राड आणि किलिंजर यांनी १९८३मध्ये मांडली, तीत वयाबरोबर आठवणाऱ्यांचं प्रमाण चढत जाताना दिसतं.

शब्दांचाही अडसर असतो. सिमकॉक आणि हेन यांनी २००२मध्ये एक छान प्रयोग प्रसिद्ध केला. सव्वादोन ते सव्वातीन वर्षांच्या मुलांना एक यंत्र दाखवलं. त्यात मोठं खेळणं टाकायचं, दांडा फिरवायचा, की तेच खेळणं लहान होऊन बाहेर येई. सहा महिन्यांनी किंवा वर्षाने विचारल्यावर मुलांनी चित्रं ओळखली, कृती करून दाखवली. पण प्रसंगाच्या वेळी जे शब्द त्यांच्याकडे नव्हते ते शब्द त्यांनी त्या आठवणीसाठी वापरले नाहीत, जरी ते शब्द मधल्या काळात शिकून झाले होते. हा प्रयोग लहान मुलांवरचा आहे आणि आपले निवेदक, म्हणजे मुलाखतीत आठवण सांगणारे, साठ-सत्तर वर्षांचे असतात. तरी त्यातून एक कामाची सवय लावून घ्यावी. अडीच वर्षांच्या वयातली आठवण ‘राष्ट्रीय दुखवटा’, ‘युद्धबंदी’ अशा शब्दांत आली, तर ते शब्द नंतरचे आहेत हे धरून चालावं आणि त्यांच्या खाली एखादं चित्र आहे का ते शोधावं.

तसंच कार्यकारणाचं. पिलेमर यांनी एका बालवाडीतल्या खऱ्या प्रसंगाचा अभ्यास केला. तळघरात पॉपकॉर्न करपले, धोक्याची घंटा वाजली, मुलांना बाहेर काढलं. साडेचार वर्षांच्या मुलांना ‘का बाहेर गेलो’ हे साधारण कळलं होतं, साडेतीनच्यांना ते धड कळलं नव्हतं. सात वर्षांनंतर प्रसंग आठवणाऱ्यांत मोठा गटच पुढे होता. म्हणून लहान वयातल्या आठवणीत कारण जितकं नेटकं, तितकी शंका जास्त. अस्सल तुकडा बहुधा अडाणी असतो. त्यात रेडिओभोवती उभी असलेली माणसं असतात, पण रेडिओ काय म्हणाला ते नसतं.

आता खात्रीबद्दल, कारण सगळ्यात जास्त फसवणूक तिथे होते. १८९९मध्ये कोलग्रोव्ह यांनी १७९ जणांना अमेरिकेचे अध्यक्ष लिंकन यांच्या १८६५मधल्या हत्येची बातमी कशी कळली ते विचारलं. ३४ वर्षांनंतर १२७ जणांनी जागा, वेळ, सांगणारा, सगळं सांगितलं. ते खरं होतं का, हे तपासायला मूळ नोंदच नव्हती. ब्राउन आणि कुलिक यांनी १९७७मध्ये अशा आठवणींना ‘फ्लॅशबल्ब’ हे नाव दिलं, जणू त्या क्षणी मेंदूने फोटो काढला. पुढे २८ जानेवारी १९८६ला चॅलेंजर हे अमेरिकेचं अंतराळयान उड्डाणानंतर फुटलं. नायसर आणि हार्श यांनी दुसऱ्या दिवशी सकाळी विद्यार्थ्यांकडून लेखी उत्तरं घेऊन ठेवली. अडीच वर्षांनी त्यातल्या ४४ जणांना पुन्हा विचारलं. पहिल्या उत्तराशी ताडून दिलेल्या सात गुणांपैकी सरासरी तीनच्या आत. ११ जणांना शून्य, पूर्ण गुण फक्त तिघांना. पाचपैकी खात्री मात्र सरासरी चारच्या वर! काहींना स्वतःच्या हस्ताक्षरातलं मूळ उत्तर दाखवलं तरी ते बदललेल्या आठवणीलाच चिकटून राहिले. ही तरुण माणसं होती आणि मधे अडीचच वर्षं गेली होती. चार वर्षांचं मूल आणि मधे साठ वर्षं, असं गणित असताना ‘मला अगदी लख्ख आठवतंय’ या वाक्याला पुरावा म्हणून काय किंमत द्यायची ते तुम्हीच ठरवा. मी शून्य देतो. ठसठशीतपणा वेगळा नोंदवावा, अचूकपणा वेगळा.

मग मुलाखत कशी घ्यायची? निवेदकाचा जन्मदिनांक आणि घटनेची तारीख यांतलं अंतर महिन्यांत काढून ठेवा. ‘चार वर्षं’ या उत्तरात ४८ महिनेही येतात आणि ५९ही, आणि या वयात अकरा महिने म्हणजे फार मोठं अंतर. माझा ढोबळ अंदाज असा: चोवीस महिन्यांच्या आतली आठवण ‘ऐकीव’ या खान्यात टाकावी. तिथून साडेतीन वर्षांपर्यंत एखादं चित्र मिळालं तरी पुष्कळ. पाचपर्यंत दोन-चार तुकडे. आधी-नंतरचा क्रम लागलेली गोष्ट सहा-सातच्या पुढे.

घटनेचं नाव आपण आधी घ्यायचं नाही. ‘गांधीजींची हत्या झाली तेव्हाचं काय आठवतं?’ असं विचारलंत की निवेदक डोक्यातल्या आठवणीऐवजी पाठ्यपुस्तक उघडतो. त्याऐवजी विचारा, ‘लहानपणी घरातली मोठी माणसं एकदम वेगळी वागली असा दिवस आठवतो का?’ मग गप्प बसा. दहा सेकंदांची शांतता मुलाखतकाराला फार लांब वाटते, निवेदकाला ती हवी असते. पहिली फेरी संपेपर्यंत मधे बोलायचं नाही, जुने फोटो किंवा वर्तमानपत्रं दाखवायची नाहीत. ‘आई रडत होती का?’ हा प्रश्न बाद, ‘आई काय करत होती?’ हा चालेल. होकारार्थी मान हलली की ते अश्रू पुढच्या मुलाखतीत कायमचे आलेच म्हणून समजा.

दुसऱ्या फेरीत कागद-पेन्सिल द्या आणि खोलीचा नकाशा काढायला सांगा. तुम्ही कुठे होतात, दार कुठे, उजेड कुठून. आठवणीतल्या घरात कुटुंब त्या तारखेनंतर राहायला गेलं असेल, तर नकाशा ते लगेच उघड करतो. प्रत्येक तपशिलाला तीन खुणांपैकी एक लावून घ्या: स्वतः पाहिलं, त्याच वेळी ऐकलं, नंतर कळलं. निवेदकाला हे वर्गीकरण आवडतं, असा अनुभव पुष्कळांना येतो. अनेकदा तोच म्हणतो, ‘हे बहुतेक दादाने सांगितलेलं.’ चित्रात तुम्ही स्वतःला बाहेरून दिसता का, हेही विचारावं, पण त्यावरून निकाल देऊ नये. खऱ्या आठवणीही जुन्या होतात तशा बाहेरून दिसू लागतात.

भावंडांना एकत्र बसवू नका. एकाने तपशील दिला की दुसऱ्याच्या आठवणीत तो मुरतो, आणि मग दोन साक्षी जुळल्या म्हणून आपण खूश. दोघांना वेगवेगळं गाठा, नंतर हवं तर एकत्र चहा घ्या.

तपासणीचा सगळ्यात सोपा भाग म्हणजे घड्याळ, आणि नेमका तोच राहून जातो. केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या त्या डॅलसमध्ये शुक्रवारी, २२ नोव्हेंबर १९६३ला दुपारी साडेबाराला. भारतात तेव्हा मध्यरात्रीचे बारा वाजले होते. भारतातल्या मुलाच्या कानावर ती बातमी शनिवारी, २३ तारखेलाच पडू शकते. सोव्हिएत संघातल्या चेर्नोबिल अणुभट्टीचा स्फोट २६ एप्रिल १९८६च्या पहाटे झाला, पण सोव्हिएत दूरचित्रवाणीने तो सांगितला २८ तारखेच्या रात्री. घटनेची तारीख आणि बातमीची तारीख असे दोन रकाने ठेवा.

त्यानंतर माध्यम. १९६९मध्ये भारतात दूरचित्रवाणी केंद्र फक्त दिल्लीत होतं, मुंबईचं १९७२मध्ये सुरू झालं. दिल्लीबाहेरच्या कुणाला चांद्रविजय ‘त्याच दिवशी टीव्हीवर पाहिल्याचं’ आठवत असेल तर ती चित्रं नंतरची. जिथे घरोघरी टीव्ही होता तिथेही हा घोटाळा होतो. केनेडींच्या हत्येची, तिथे हजर असलेल्या झाप्रूडर यांनी टिपलेली चित्रफीत अमेरिकेतल्या राष्ट्रीय वाहिनीवर प्रथम १९७५मध्ये दिसली. मग १९६३मध्ये लहान असलेला अमेरिकन ‘गोळी लागताना टीव्हीवर पाहिलं’ म्हणतो तेव्हा? दोन दिवसांनी केनेडींचा मारेकरी म्हणून पकडलेल्या ऑस्वाल्डला गोळी घातली गेली ते मात्र थेट प्रक्षेपित झालं होतं. मुलाने कदाचित तेच पाहिलं असेल. त्याची चूक माणसाची झाली, पाहण्याची नाही. ११ सप्टेंबर २००१ला न्यूयॉर्कच्या मनोऱ्यावर पहिलं विमान आदळतानाचं चित्रण त्या दिवशी दाखवलंच गेलं नव्हतं, तरी पेझ्डेक यांच्या पाहणीत ७३ टक्के लोकांनी ते त्याच दिवशी पाहिल्याचं सांगितलं. ॲम्स्टरडॅममध्ये ४ ऑक्टोबर १९९२ला मालवाहू विमान इमारतीवर कोसळलं, त्या क्षणाचं चित्रण अस्तित्वातच नाही. तरी निम्म्याहून जास्त लोकांनी ‘पाहिलंय’ असं उत्तर दिलं. आणि हे सगळे मोठे होते.

दोन घटना एकमेकींत मिसळणं हा मुलांच्या आठवणींचा खास रोग. १९१०च्या हॅलेच्या धूमकेतूचं उदाहरण फार बोलकं आहे. त्याच वर्षी जानेवारीत दुसराच एक धूमकेतू आला, इतका तेजस्वी की दिवसाही दिसला. हॅले आला एप्रिल-मे महिन्यात. पुढे १९८६मध्ये हॅले परतला तेव्हा ‘मी लहानपणी पाहिला होता’ म्हणणाऱ्या अनेक वृद्धांनी प्रत्यक्षात जानेवारीचा पाहिला असावा, असं खगोलाभ्यासक मानतात. अशा वेळी ‘कोणता?’ असं विचारू नका. थंडी होती का उकाडा, संध्याकाळी दाखवला की पहाटे उठवून, अंगावर काय होतं, हे निवेदकाच्या तोंडून येऊ द्या.

आता नोंद. मूळ ध्वनिमुद्रण एका अक्षराचीही काटछाट न करता ठेवा, संपादित प्रत वेगळी. निवेदकाला समोर बसून चूक दाखवू नका; तो पुढचं सांगणं थांबवतो किंवा आठवण दुरुस्त करून घेतो, आणि दुसऱ्यात जास्त नुकसान आहे. दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा भेटा आणि तेच पुन्हा सांगायला लावा. वाढलेले तपशील वेगळ्या शाईने.

आणि पूर्ण आठवणीला एकच शेरा देऊ नका. नायसर यांचंच उदाहरण घ्या. अमेरिकेच्या पर्ल हार्बर या नाविक तळावर जपानचा हल्ला झाला, ७ डिसेंबर १९४१. तेव्हा ते तेराव्या वाढदिवसाच्या उंबरठ्यावर होते. रेडिओवर बेसबॉलचा सामना ऐकत असताना प्रक्षेपण मधेच थांबवून बातमी दिली गेली, अशी त्यांची आठवण. पुष्कळ वर्षांनी त्यांच्या ध्यानात आलं की डिसेंबरात बेसबॉल खेळतच नाहीत. १९८२मध्ये त्यांनी ही स्वतःची आठवण खोटी म्हणून जाहीरपणे निकालात काढली. चार वर्षांनी थॉम्प्सन आणि कोवन यांनी दाखवलं की त्या दुपारी न्यूयॉर्कमधून अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याचं प्रक्षेपण चालू होतं आणि बातमीसाठी ते खरंच मधे थांबवलं होतं. मैदान बेसबॉलचं, आणि दोन्ही संघांची नावं बेसबॉल संघांचीच: जायंट्स आणि डॉजर्स. अशा मुलाखतीच्या तक्त्यात चार ओळी येतील. रेडिओ: शक्य. प्रक्षेपण थांबलं: बाहेरच्या नोंदीशी जुळतं. संघांची नावं: निवेदकाने सांगितली नाहीत, आपणही विचारायची नाहीत. बेसबॉल: चूक.