कुळ्याची पावती

[दृश्य: जीपची रांग]
सकाळचे आठ. गोव्यातल्या कुळे रेल्वे स्थानकाबाहेर दूधसागर धबधब्याला जाणाऱ्या जीप एकामागे एक लागल्यात. सात सीट भरल्या की गाडी सुटते. दोघेच आलेले हे जोडपे लाइफ जॅकेटचे पट्टे आवळून बाकी पाच जणांची वाट बघत बसले आहे.

[दृश्य: हातातली पावती]
ही पावती बघा, घामाने ओली झालेली. जीपचे भाडे वेगळे, वनखात्याचे प्रवेश शुल्क वेगळे, जॅकेटचे वेगळे. दूधसागरला येणारा कुरकुरतो, पण देतो.

[दृश्य: जीप ओढ्यात उतरते]
"पाय वर घ्या!" पहिला गिअर, बॉनेटपुढे पाण्याची लाट, मागच्या सीटवर आरडाओरडा. ही वाट पावसात बंद. कमाई ऑक्टोबर ते मे, घर मात्र बारा महिन्यांचे. 2012 साली लोहखनिजाच्या खाणी थांबल्या आणि या तालुक्यातले खनिज वाहणारे ट्रक दारात उभे राहिले. तेव्हापासून जीपची सीट किती महत्त्वाची झाली, ते इथल्यांनाच विचारा.

[दृश्य: धबधबा]
310 मीटर.

[दृश्य: वनखात्याचे गेट]
आता गेटवरच्या पैशांचे. सरकारी महसूल घटनेच्या 266 व्या कलमानुसार राज्याच्या एकत्रित निधीत जातो. तिथे पोचल्यावर कुळ्याचा रुपया कोणता आणि पणजीच्या कॅसिनोचा कोणता, ब्रह्मदेवही सांगणार नाही. जंगलाकडे परतायचे तर अर्थसंकल्पातून, मिळेल तेवढे.

दुसरी सोय कायद्यातच आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात 2006 साली व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठानाची तरतूद आली. व्याघ्र प्रकल्पातले प्रवेश शुल्क तिथेच, स्थानिकांच्या विकासासाठी आणि निसर्ग पर्यटनासाठी फिरवायचे. ही वाट ज्या भगवान महावीर अभयारण्यातून जाते, त्याच्यासह गोव्यातली जंगले व्याघ्र प्रकल्प म्हणून अधिसूचित करा, असा आदेश मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने जुलै 2023 मध्ये दिला. राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. गावात वाघापेक्षा बफर झोनची, म्हणजे प्रकल्पाभोवतीच्या निर्बंधांच्या पट्ट्याची, धास्ती जास्त. ती खोटी म्हणता येत नाही. पण गेटचा पैसा गावात राहील, हे त्यांना कोणी समजावून सांगितले?

डिसेंबरच्या रविवारी शुल्क चढे आणि मंगळवारी उतरते ठेवले, तर गर्दीही थोडी पांगेल. तोवर पायवाट झिजतेय, कचरा साचतोय.

[दृश्य: माकड]
वेफर्सचे पाकीट गेले. याला शुल्क नाही.

[दृश्य: परतीची जीप]
संध्याकाळी तोच ओढा. चालक काच पुसतो, इंजिनावर हात ठेवून बघतो, आणि उद्याच्या नंबरासाठी रांगेत गाडी लावतो.