लांडग्याला अळी कोण म्हणतं?

नमस्कार मंडळी. आमच्या गावाकडे दिवेलागणीनंतर साप हा शब्द कोणी तोंडातून काढत नाही, लांबडं म्हणतात, नाहीतर सरळ जनावर, "परसात जनावर दिसलं" एवढं म्हटलं की सगळे काय ते समजतात आणि बॅटरी शोधायला लागतात. आज हे आठवलं ते तुर्की भाषेतल्या कुर्त या शब्दामुळे.

तुर्कस्तानात कुर्त म्हणजे लांडगा. आणि सफरचंदात निघते ती अळी? तीपण कुर्तच! जुना शब्द होता ब्योरी. मंगोलियात ओर्खोन नदीच्या खोऱ्यात क्युल तेगीन या जुन्या तुर्क राजपुत्राच्या आठवणीत उभारलेला इ.स. 732 चा शिलालेख आहे, त्यात त्याचा राजा असलेला भाऊ म्हणतो की माझ्या वडिलांचं सैन्य लांडग्यासारखं आणि शत्रू मेंढरांसारखा, तिथला लांडगा ब्योरीच आहे. कझाख, उझबेक, तातार या तुर्की कुळातल्याच भाषा बोलणाऱ्या मंडळींनी हा शब्द उच्चार थोडाफार बदलून अजून ठेवलाय. आता हा तरी अस्सल तुर्की का, तर काही अभ्यासकांना तो इराणी भाषांतून आला असावा असं वाटतं, म्हणजे मग तो आपल्या वृकोदर भीमातल्या वृकाचा लांबचा भाऊबंद झाला की!

पण ओघुझ तुर्कांकडे, म्हणजे आजचे तुर्कस्तान-अझरबैजानवाले, तिथे रोजच्या बोलण्यातून ब्योरी गेला आणि कुर्त आला. कधी? 11व्या शतकात महमूद काशगरीने बगदादमध्ये तुर्की शब्दांचा अरबीतून कोश केला, त्यातच नोंद आहे की बाकीचे तुर्क कुर्त म्हणजे किडा समजतात, ओघुझ मात्र लांडगा. म्हणजे हजारेक वर्षं झालीच.

कारण बहुतेक आमच्या गावातलंच. मेंढरं राखणारी माणसं ही, नाव घेतलं की तो येतो ही भीती, मग म्हणा किडा, त्याला कशाला कळतंय! रशियन लोक अस्वलाला मेदवेद म्हणतात ना, मध खाणारा, तोच प्रकार.

पण कुर्त म्हणजेच लांडगा हे एकदा पक्कं झालं की लपवाछपवी संपली, परत नवीन टोपणनाव शोधा. मग अझरबैजानात लांडग्याला अजून एक शब्द आहे, अनातोलियातल्या खेड्यांतही चालतो, आणि तो मी पहिल्यांदा वाचला तेव्हा हसूच आलं. जानावार. फारसीतून तिकडे गेलेला, फारसीतूनच आपल्याकडे आलेला, त्यांच्या मेंढवाड्याबाहेर लांडगा आणि आमच्या परसात साप.