माणूसघाणा वेगळा, समाजविघातक वेगळा

नमस्कार श्रोतेहो.

मी एका रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात समाजसेवा अधीक्षक होते, तेव्हाची गोष्ट. एक आई सतरा वर्षांच्या मुलाला घेऊन ओपीडीत आली. खुर्चीत टेकायच्या आधीच म्हणाली, "मॅडम, हा अँटिसोशल झालाय. लग्नाला येत नाही, बारशाला येत नाही, पाहुणे आले की आत जाऊन दार लावून घेतो." मुलगा मान खाली घालून बसला होता. डॉक्टर हा शब्द समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकारासाठी, म्हणजे दुसऱ्याचे हक्क तुडवणाऱ्या माणसासाठी वापरतात, हे त्या माउलीला ठाऊक असतं, तर तिने तो पोटच्या पोराला लावला नसता.

खरं तर मराठीत हा घोळ व्हायला नको. माणसांत न रमणाऱ्याला आपण एकलकोंडा म्हणतो, घुम्या म्हणतो, फारच राग आला तर माणूसघाणा म्हणतो. लोकांना उपद्रव देणाऱ्याला समाजकंटक म्हणतो. शब्द वेगळे, माणसं वेगळी. पण कॉलेजातल्या मुलांच्या तोंडी इंग्रजी शब्द बसला आणि दोघं एकाच दावणीला बांधले गेले.

आमच्या वाड्यातली गोष्ट सांगते, म्हणजे नीट कळेल.

सांगलीत आमचा वाडा होता. माडीवरच्या एका खोलीत एक काका राहायचे, एकटे. कुणाच्या सत्यनारायणाला नाहीत, गणपतीच्या आरतीला नाहीत. जिन्यात समोर आलात तर भिंतीकडे सरकून वाट देणार, पण बोलणार नाहीत. बायका म्हणायच्या, माणूसघाणाच मेला. आणि खाली, दिंडीदरवाजाजवळ, एक तरुण बिऱ्हाडकरू होता. सगळ्यांचा दादा. आरत्या खड्या आवाजात म्हणणार, म्हाताऱ्यांची औषधं आणणार, कुणाच्या हातची आमटी चांगली हे बरोबर त्याच बाईला ऐकू जाईल असं सांगणार. अकरा बायकांनी दिवाळी फंड काढला, दरमहा वीस रुपये. पैसे कुणाकडे ठेवायचे? अर्थात दादाकडे.

त्याच उन्हाळ्यात आईने आणि शेजारच्या काकूंनी पाच किलो डाळीचे उडदाचे पापड गच्चीवर वाळत घातले. तुम्हाला ठाऊक आहे, डांगर कुटण्यापासून लाट्या करून लाटेपर्यंत पाठीचं काय होतं ते. (हल्ली आपण पाकीट आणतो. घरच्या पापडाला जी चव असते ती पाकिटाला नाही, हे माझं मत मी बदलणार नाही. चार बायका एका चटईवर बसायच्या, तेही त्याबरोबर गेलं.) तर माडीवरच्या काकांनी गच्चीतल्या पिंपात नळी सोडली आणि विसरले. पिंप भरून वाहिलं आणि सगळे पापड भिजून लगदा झाले. काकू खालून नको नको ते बोलल्या. काका बाहेर आले नाहीत. दार बंद.

दुसऱ्या दिवशी पहाटे आई अंगण झाडायला उठली, तर उंबऱ्याशी पाच किलो उडदाची डाळ. वर चिठ्ठी, दोऱ्याने बांधलेली. "पापड माझ्या चुकीने भिजले. डाळ ठेवली आहे. दळणाचे पैसे सोबत." घडीत मोजून सुटे पैसे. आणि नवे पापड वाळून डब्यात जाईपर्यंत त्यांनी गच्चीवरच्या पिंपाला हात लावला नाही. खालच्या नळावरून बादल्या वर नेत होते. बोलले मात्र एक अक्षर नाहीत.

आता दादा. दहा महिन्यांचे बावीसशे रुपये जमले होते. दसरा झाला आणि दादा नाहीसा. त्या दिवाळीत वाड्यातल्या किती पोरांना नवे कपडे मिळाले नाहीत! मीही त्यातलीच एक. पण त्याहून मोठं पुढेच आहे. संक्रांतीला तो परत आला, तिळगूळ घेऊन. हसत हसत प्रत्येक दारात गेला. एका वहिनींनी रडत विचारलं, "आमचे पैसे?" तर म्हणाला, "वहिनी, तुम्ही ठेवायला दिलेतच कशाला? आणि अजून तेच धरून बसलात?" मग तिथेच बसून चहा मागितला. त्याच्या चेहऱ्यावर शरमेची एक रेघ नव्हती. मला तो चेहरा अजून दिसतो.

फसवणुकीच्या एका प्रसंगावरून दादाला हा समाजविघातक विकार होता असं मी म्हणणार नाही. प्रत्येक चोर, प्रत्येक गुन्हेगार रुग्ण नसतो. पण फरक कुठे शोधायचा, ते या दोघांनी मला शिकवलं. किती माणसांत मिसळतो हे पाहू नका. दुसऱ्याचं नुकसान झाल्यावर आत काही हलतं का, ते पाहा. पुन्हा सांगते: मिसळणं नव्हे, दुसऱ्याची पर्वा.

समाजविघातक व्यक्तिमत्त्व विकार म्हणजे दुसऱ्याचे हक्क तुडवण्याची वर्षानुवर्षांची रीत. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेच्या डीएसएम नियमावलीची पाचवी आवृत्ती 2013 साली आली. तिच्यात 7 लक्षणं दिली आहेत: पुन्हा पुन्हा कायदा मोडणं, खोटेपणा आणि फसवणूक, विचार न करता झटक्यात वागणं, मारामारी, स्वतःच्या वा दुसऱ्याच्या जिवाची बेफिकिरी, नोकरी-कर्जात सतत बेजबाबदारपणा आणि पश्चात्ताप नसणं. यातली किमान 3 लागतात. शिवाय वय 18 पूर्ण हवं आणि वर्तनाच्या गंभीर तक्रारी 15 वर्षांच्या आत सुरू झालेल्या हव्यात. म्हणजे सतरा वर्षांच्या मुलाला हे निदान लागतच नाही. आणि लग्नाला न जाणं या सातांत कुठेच नाही. कुठेच नाही.

विकार येतो कुठून? काही आनुवंशिक, काही लहानपणीच्या मारहाणीतून, हेळसांडीतून. दारूचं व्यसन पुष्कळदा जोडीला असतं. यावर खास असं औषध नाही. समुपदेशनाचा काहींना उपयोग होतो, आणि काहींचा आडदांडपणा चाळिशीनंतर ओसरतो. घरात असं माणूस असेल तर त्याची कर्जं फेडत बसू नका, आणि मारहाण असेल तर आधी स्वतःला आणि मुलांना सुरक्षित जागी न्या.

त्या मुलाचं म्हणाल, तर आईला बाहेर बसवल्यावर तो बोलला. "लग्नात सगळे मार्क विचारतात." नापास झाला होता. लोक हसतील ही भीती होती. ती बोलून, थोडं थोडं बाहेर पडून कमी होते, तशी झाली. पाहुण्यांनी पोरांना मार्क विचारणं बंद करावं, असं मला फार मनापासून वाटतं. मात्र चार माणसांत रमणारं पोर एकाएकी दार लावून बसू लागलं, जेवण-झोप बिघडली, तर ते नैराश्य असू शकतं. तेव्हा थांबू नका.

टेलिमानस ही फोनवरून मानसिक आरोग्यासाठी मदत देणारी सरकारी सेवा ऑक्टोबर 2022 पासून सुरू आहे. क्रमांक एक चार चार एक सहा. पुन्हा सांगते, 14416. दिवसरात्र, मोफत, आणि मराठीत बोलता येतं.

नमस्कार.